"दादा, तेवढा एक फोन लावा की डॉक्टरला"

विट्यात पत्रकारिता करून वीस वर्षं होत आली. लोकांना वाटतं, आम्हाला सारखे बातम्यांचे फोन येत असतील. दिवसा येतातही. पण रात्री दहानंतर फोन वाजला की मी बायकोला सांगून टाकतो, दवाखान्याचा असणार. आणि असतोच. पलीकडचं वाक्यही ठरलेलं. "दादा, तेवढा एक फोन लावा की डॉक्टरला."

गेल्या आठवड्यात असाच एक आला. ओळखीचा पोरगा, लूमवर कामाला. आवाज चढलेला. "दादा, वडलांचा हात मोडलाय. गाडीवरनं पडले. दीड तास झाला बसवून ठेवलंय. आमच्या मागनं आलेल्या पोराला आत घेतलं. आमी काय माणसं न्हाई का? उद्या बातमी लावाच."

मी गेलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. बाहेर बाकावर त्याचे वडील बसलेले. मनगट सुजून टम्म. वेदनेनं कण्हत होते, मधेच ओरडत होते. बघणाऱ्याला वाटणारच की हा माणूस मरणाच्या दारात आहे आणि आतले लोक चहा पीत बसलेत.

आत एक दहा-बारा वर्षांचं पोर होतं. ऊसतोड्याचं. खोपीत जमिनीवर झोपलेलं असताना काहीतरी चावलं म्हणून आणलेलं. ओरडत नव्हतं, रडत नव्हतं. नुसतं पडून होतं. आई म्हणत होती, "झोप आलीया त्याला." डॉक्टर त्याच्या पापण्या बोटानं वर करून बघत होते, कारण पापण्या आपोआप खाली येत होत्या. ती झोप नव्हती. मण्यार चावल्यावर असं होतं. दुखत नाही, सूज नाही, दात उमटलेलेही नीट दिसत नाहीत. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो.

बातमी लावली नाही. बाहेर येऊन त्या पोराला एवढंच सांगितलं, "तुझ्या वडलांचा हात उद्यापर्यंत हातच राहणार आहे. आत जे पोर आहे त्याला तासभरसुद्धा वेळ नव्हता." तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग हे आमाला कुणी सांगितलं न्हाई."

आता हा त्याचा मुद्दा बरोबर होता. त्यावर शेवटी येतो. त्याआधी मला माझं एक प्रकरण सांगायचंय. गेली काही वर्षं ते पोटात आहे.

एप्रिल २०२१

दुसरी लाट आठवते ना? राज्यात निर्बंध लागलेले, स्मशानात रांगा, आणि प्रत्येकाच्या व्हॉट्सअपवर एकच मेसेज फिरत होता, 'ऑक्सिजन बेड कुठे आहे?' मिरजेचं सिव्हिल कोविड रुग्णालय झालेलं. जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत खाट मिळणं म्हणजे लॉटरी. माझ्याकडं तेव्हा सगळ्या डॉक्टरांचे नंबर होते आणि, खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा माजही होता.

एका मित्राच्या काकांसाठी फोन आला. वय साठीच्या आसपास, ऑक्सिजन ९३. घाबरलेले होते. घर भरल्यासारखं सगळे माझ्या फोनकडं डोळे लावून बसलेले. मी जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "एकच बेड मोकळा होतोय. जरा थांबा." मी म्हणालो, "डॉक्टर, माझ्यासाठी." हे दोन शब्द मी वापरले. माझ्यासाठी. बेड मिळाला. काका आठ दिवसांत बरे होऊन घरी आले. त्यांच्या घरच्यांनी मला शाल-नारळ दिला, मी घेतला.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, लाट ओसरल्यावर, एका कार्यक्रमात ते डॉक्टर भेटले. चहा घेताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "त्या रात्री खाली रिक्षात एक बाई होत्या. ८२ होतं त्यांचं. तुमचा फोन आला तेव्हा मी त्यांनाच वर घ्यायला निघालो होतो." मी विचारलं, मग? "मिरजेला पाठवलं. ऑक्सिजनचं सिलिंडर बरोबर दिलं. पुढं काय झालं मला माहीत नाही." ते माझ्यावर चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चूक तुमची नाही. तुम्ही विचारणारच. मी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. ते माझं काम होतं."

ती बाई कोण, कुठली, वाचली की गेली, मला आजही माहीत नाही. मी शोधही घेतला नाही. पत्रकार असून घेतला नाही. कारण कळलं असतं तर काय केलं असतं?

हे 'निवडणं' आहे तरी काय

डॉक्टर लोक याला 'ट्रायएज' म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, अर्थ निवडून वेगळं करणं. नेपोलियनच्या सैन्यातला लारे नावाचा सर्जन होता. लढाईत जखमी झालेल्यांत आधी कुणाला हात लावायचा, हे हुद्द्यावर नाही तर जखमेवर ठरेल, असा नियम त्यानं घातला. म्हणजे कर्नलच्या खरचटण्याआधी शिपायाचा तुटलेला पाय. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आपल्याकडं अजून कर्नलचा फोन आधी येतो.

मोठ्या रुग्णालयात यासाठी रंग असतात. लाल म्हणजे आत्ता, या मिनिटाला. पिवळा म्हणजे लवकर, पण थोडं थांबता येईल. हिरवा म्हणजे थांबू शकतो. मोठ्या दुर्घटनेत काळाही असतो, त्याचा अर्थ तुम्हाला कळला असेल. रंग ठरतो तो नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन आणि माणूस शुद्धीवर किती आहे, यावरून. कोण किती मोठ्यानं ओरडतो यावरून ठरत नाही. उलट ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे तरी नक्की असतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं काम बऱ्याच जणांना माहीत असेल. कोकणात विंचू चावून माणसं मरायची, विशेषतः पोरं. त्यांनी वर्षानुवर्षं रुग्णांच्या उशाशी बसून बघितलं आणि प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीनं मरण कमी करून दाखवलं. पण औषधाइतकीच मोठी गोष्ट ही की कोणता रुग्ण धोक्यात आहे, हे ओळखायला त्यांनी शिकवलं. जागेवर भयंकर ठणका, पण बाकी सगळं ठीक, तो बहुतेक वाचतो. ठणका फारसा नाही, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, त्याच्याकडं आधी पळा. तालुक्याच्या डॉक्टरला हेच करायचं असतं. गोंगाटातून शांत माणूस शोधायचा असतो.

आता विट्यासारख्या गावात हे कसं होतं ते बघा. इथं रंगीत पट्ट्या नाहीत, वेगळा ट्रायएज कक्ष नाही. रात्री बहुतेक ठिकाणी एक डॉक्टर, एक सिस्टर, एक मामा. त्याच डॉक्टरनं बाळंतपण बघायचं, पोलिसांनी आणलेला दारुडा तपासायचा, आणि दारातून आत आलेल्या माणसाचं दोन मिनिटांत ठरवायचं: घरी पाठवायचा, इथंच ठेवायचा, की पुढं पाठवायचा. पुढं म्हणजे कराड, चाळीसेक किलोमीटर. नाहीतर तासगाववरून सांगली-मिरज, ते त्याहून लांब. घरी पाठवलेला माणूस रात्रीत गेला तर डॉक्टर निष्काळजी. ठेवून घेतला आणि गेला तर डॉक्टर पैशाला हपापलेला. पुढं पाठवला आणि वाटेत गेला तर डॉक्टरनं हात झटकले. तिन्ही बाजूंनी शिव्या ठरलेल्या. डॉक्टरवर हात उचलणाऱ्यासाठी २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण दगड हातात घेतलेल्या माणसाला कायद्याचं कलम आठवत नसतं.

म्हणून डॉक्टर काय करतात? जोखीम नको म्हणून सरसकट पुढं पाठवतात. आणि पुढचा दवाखाना भरून वाहतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालकं. तेव्हा प्रशासनानं सांगितलं की बरेच रुग्ण लांबून, शेवटच्या अवस्थेत आलेले होते. औषधं, माणसं, स्वच्छता हे प्रश्न होतेच, त्यातून कुणाची सुटका नाही. पण आपल्या लक्षात काय राहिलं? खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला, तो व्हिडिओ. ती बाळं कुठून निघाली, आधी कुठं थांबली, कुणी किती उशिरा पाठवली, हे विचारायला आमच्यातलेही फार थोडे गेले.

कायदा काय म्हणतो

हे मात्र प्रत्येकानं वाचावं.

१९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जखमी माणूस समोर आला की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणं हे पहिलं कर्तव्य. पोलीस, कागद नंतर.

दुसरा खटला पश्चिम बंगालचा. जुलै १९९२. हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार. एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असं त्याला फिरवलं. कुठं खाट नाही, कुठं सोय नाही. शेवटी खाजगीत जाऊन पदरचे पैसे घातले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पंचवीस हजारांची भरपाई द्यायला लावली. त्याच निकालात न्यायालयानं एक व्यवस्था सुचवली होती. प्राथमिक पातळीवर रुग्ण स्थिर करण्याची सोय हवी, आणि कुठं खाट मोकळी आहे हे एका ठिकाणाहून कळेल अशी मध्यवर्ती यंत्रणा हवी, म्हणजे रुग्णाला दारोदार फिरावं लागणार नाही.

साल १९९६. मुंबईत असं काही खरोखर चाललेलं आपण बघितलं ते २०२० मध्ये, तेही साथ आली म्हणून. महापालिकेनं २४ विभागांत वॉर्ड वॉर रूम केल्या. रिपोर्ट आला की तिथून रुग्णाला फोन जायचा, आणि कुणाला घरी ठेवायचं, कुणाला सेंटरला, कुणाला आयसीयूत, हे तिथून ठरायचं. सगळं सुरळीत झालं असं नाही, पण खाट कुणाच्या ओळखीनं न जाता आजाराच्या गांभीर्यावर जावी, असा निदान प्रयत्न होता. सर्वोच्च न्यायालयानंही त्या कामाचं कौतुक केलं.

आपल्याकडं २०१४ पासून १०८ आहे, तिच्यात डॉक्टर असतो, ही मोठी गोष्ट आहे. पण ती गाडी निघाली की पुढं खाट आहे का, हे अजून डॉक्टरच्या वैयक्तिक ओळखीवर आणि नातेवाइकाच्या धावपळीवर चालतं. आणि माझ्यासारख्याच्या फोनवर.

आणखी एक निवड असते, ती डॉक्टरच्या आधी काउंटरवर होते. खिशाची. पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाचं २०२५ चं प्रकरण सगळ्यांना आठवतंय. पोटात जुळी असलेल्या बाईंच्या कुटुंबाकडं दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडं बाळंतपण झालं, बाळं वाचली, आई गेली. चौकशा झाल्या, आंदोलनं झाली, आणि मग रुग्णालयानं जाहीर केलं की तातडीच्या रुग्णांकडून यापुढं अनामत घेणार नाही. आता हे बघा की धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेतच आहे. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बलांना सवलतीत, हेही त्यातच आहे. नियम होता. वापरायला एक जीव जावा लागला.

डॉक्टरनं नाडी बघून लावलेला क्रम मी मान्य करीन. पाकीट बघून लावलेला मान्य करणार नाही. आणि ओळख बघून लावलेला? तो मी स्वतः लावून घेतलाय.

आईची पाळी

गेल्या पावसाळ्यात आईला रात्री पोटात वरच्या बाजूला जळजळायला लागलं. वय ७२, पंचवीस वर्षं साखर. "पित्त झालंय, सोडा दे," म्हणत होती. घाम बघून मी ऐकलं नाही, दवाखान्यात नेली. ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, यात काही दिसत नाही, पण लगेच घरी नेऊ नका, इथं सिस्टरच्या टेबलाजवळ बसवा, परत काढू. एवढ्यात हायवेवरच्या अपघाताचे तिघं आले. रक्त, आरडाओरडा, पन्नास माणसं. डॉक्टर आत गेले ते गेलेच.

दहा मिनिटं. वीस मिनिटं. आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. मी दुसऱ्याला काय सांगितलं असतं? थांबा, आत जास्त गंभीर आहे. पण आई आपली असली की हे सगळं ज्ञान कुठं जातं कळत नाही. मी फोन काढला आणि आतल्या डॉक्टरांना लावला. हो, मीच. २०२१ नंतर कानाला खडा लावलेला मी.

त्यांनी फोन कट केला.

त्या क्षणी मला जो राग आला तो मी इथं लिहू शकत नाही. डोक्यात बातमीचा मथळासुद्धा तयार झाला होता. आणि मग अर्ध्या तासाच्या आसपास सिस्टर स्वतःहून आली. कुणी बोलावलं नव्हतं. "आजी, परत एकदा तार लावायच्यात." दुसऱ्या ईसीजीत बदल दिसले. पाच मिनिटांत डॉक्टर बाहेर. गोळ्या दिल्या, कराडला फोन करून सांगितलं, चिठ्ठीवर दोन्ही ईसीजीच्या वेळा लिहिल्या, १०८ बोलावली. पहाटे तिकडं अँजिओप्लास्टी झाली. आज ती माझ्यासमोर बसून मेथी निवडतेय आणि मला विचारतेय, एवढं काय टाइप करतोयस.

नंतर डॉक्टरांना भेटलो, माफी मागायला. ते म्हणाले, "तुमचा फोन आला तेव्हा मी एका पोराच्या घशात नळी घालत होतो. पण आईंना मी विसरलो नव्हतो. सिस्टरला वेळ लिहून दिली होती."

ही वेळ लिहून ठेवणं माझ्या डोक्यात बसलंय. थांबवणं चुकीचं नाही. थांबवून विसरणं चुकीचं. पिवळा माणूस अर्ध्या तासात लाल होतो. त्याच्याकडं परत कुणी बघणार असेल तर त्यानं थांबावं, नाहीतर का थांबावं?

म्हणून दोन्हीकडं सांगणं

डॉक्टर मंडळींना हात जोडून: त्या लूमवाल्या पोराचं म्हणणं ऐका. "आमाला कुणी सांगितलं न्हाई." एक वाक्य पुरतं. "आत साप चावलेलं पोर आहे, तुमचा नंबर त्यानंतर, तोपर्यंत सिस्टर दुखायचं इंजेक्शन देतील." दारात एक फलक लावा, की इथं आलेल्या क्रमानं नाही, आजाराच्या गांभीर्यानं तपासतात. बाकावरच्याकडं दर थोड्या वेळानं कुणीतरी परत बघा. पुढं पाठवताना का पाठवतोय ते चिठ्ठीवर लिहा आणि पुढच्या डॉक्टरला फोन करा.

पुढाऱ्यांना: रुग्णवाहिकेच्या लोकार्पणाचे फोटो पुष्कळ झाले. रात्रपाळीला दुसरा डॉक्टर द्या, आणि सांगली, मिरज, कराड मिळून मोकळ्या खाटा दाखवणारी एक यंत्रणा उभी करा. न्यायालयानं सांगून तीस वर्षं होत आली.

आणि आपल्याला, म्हणजे मला आधी: 'याला घ्या' म्हणून मी यापुढं फोन करणार नाही. 'खाट कुठं आहे' हे विचारायला रात्री दोनलाही करीन. अनामतीसाठी कुणाला दारात अडवलं तर त्याच्यासाठीही करीन, आणि बातमीही लावीन. पण रांगेत कुणाच्या पुढं घालण्यासाठी नाही. राग येईल, माहीत आहे. जवळच्यांना जास्त येईल.

तुम्ही फोन कराल तेव्हा पलीकडं रिक्षात कोण बसलंय, हे तुम्हाला दिसत नसतं. मलाही दिसलं नव्हतं.

तुमचा अनुभव खाली जरूर लिहा, चांगला असो की वाईट. फक्त डॉक्टरचं आणि दवाखान्याचं नाव न घेता लिहा.